ओढ्याकाठच्या अर्जुनाची साल

लोणावळ्याच्या वनौषधी प्रयोगशाळेत लागल्यापासून शालनचा हात कामात चांगला बसला होता. बेडकाचं काढलेलं हृदय काचनळीला बांधायचं, त्यातून मिठाचं पाणी सोडायचं, टोकाला दोरा अडकवायचा. दोऱ्याला जोडलेली काडी फिरत्या नळकांड्यावरच्या काजळी धरलेल्या कागदावर ठोक्यांची पांढरी रेघ ओढत जायची. मग पाण्यात काढा घालायचा आणि रेघ कशी बदलते ते बघायचं. अर्जुनाच्या सालीने थकलेला ठोका सावकाश पण जोरकस होतो, एवढं आधी इंदुरी गावाकडून आलेल्या सालीवरून दिसलं होतं.

त्या दिवशी ठाकरवाडीच्या सारजाबाईने बेडशाकडून नवी साल आणली. दुपारी शालनने तिचा काढा नळीत सोडला. ठोके मंदावले, भरदार झाले, आणि मग भलतंच सुरू झालं. दोन ठोके लगोलग, मग चुकल्यासारखी रिकामी जागा, मग एक दणकट ठोका. पुन्हा तेच. तिने साध्या पाण्याने हृदय धुतलं, लय गेली. काढा घातला, परत आली. दुसरा बेडूक घेतला. रेघ तीच.

हा ठोका शालनच्या ओळखीचा होता. तिचे वडील निवृत्ती, मूळचे बेडशाचे, खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचे गँगमन होते. लहानपणी ती त्यांच्या छातीवर कान टेकून झोपायची, तेव्हा असाच ऐकू यायचा. हृदयाच्या याच दुखण्याने ते रुळाशेजारी कोसळून गेले होते.

सारजाबाई अजून ओसरीवरच टेकली होती. साल कुठल्या झाडाची, शालनने विचारलं.

"वढ्याकाठचा अर्जुन न्हाई का," ती म्हणाली. "निवृत्तीभाऊला अग्नी दिला न्हवं, तितला. लय फोफावलाय आता."

प्रयोगशाळेचे डॉक्टर पुण्याला गेले होते. शालन बाजारापाशी राहणाऱ्या आईला, चंपाबाईला, घेऊन आली. कशाला, ते सांगितलं नाही. चंपाबाईने रेघेकडे पाहिलंच नाही. टेबलावर हात टेकून, डोळे मिटून ती काडीची खरखर ऐकत राहिली. हळूहळू तिचा श्वासही त्या लयीला लागला.

"लय दमल्यात," ती म्हणाली. "सोड आता त्यास्नी, पोरी."

शालनने नळी बंद केली. पाणी थांबलं, हृदय सुकत चाललं, तरी ठोका थांबेना. चंपाबाईने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि हलक्या आवाजात बुद्धाचं त्रिशरण म्हणायला घेतलं. शेवटचं चरण संपताना काडी खाली आली, ती पुन्हा वर गेलीच नाही.

डॉक्टर आल्यावर शालनने सालीला बुरशी लागली म्हणून सांगितलं. उरलेली साल तिने बेडशाला नेऊन त्या अर्जुनाच्या बुंध्याशी पुरली. माती लोटताना झाडाला मात्र हात लागू दिला नाही. लागला तर तळव्याखाली काय जाणवेल, याचं तिला भय वाटत होतं.