सेलिनामावशीसाठी घेतलेला ट्रेलर

गाडीमागे ओढायचं फिरतं घर म्हणून हेडलीला हलका ट्रेलर हवा होता आणि त्याच्या बायकोला, एफीला, जड. पश्चिमेकडे फोर्ट मॅकमरेला तेलाच्या कामावर आलेली आणि मग तिथेच राहिलेली आम्ही पार पूर्वेच्या न्यूफाउंडलंड बेटाची माणसं. त्या वसंतात आमच्यात दुसरा विषयच नव्हता. कँटीनमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडे तेच. ज्याला त्याला मत होतं. मलाही होतं, पण हेडली माझा चुलतभाऊ आणि एफीच्या हातचं मी आठवड्यातून तीनदा जेवत होतो, तेव्हा मी तोंड बंद ठेवलं होतं.

ट्रेलर घेऊन उन्हाळ्यात गावी जायचं, एवढं दोघांचं ठरलेलं होतं. अख्खा देश आडवा कापून जायचं. हेडलीचं म्हणणं साधं होतं. आपली पिकअप जुनी. मागे हलकं काहीतरी लावावं, दिवसा टेबल आणि रात्री पलंग होणारं. वाऱ्यापावसातून सुखरूप पोचावं आणि परत यावं.

आम्ही तिघं बघायला गेलो तेव्हा विक्रीच्या अंगणात दोन्ही ट्रेलर शेजारी शेजारी उभे होते. हेडली हलक्याभोवती फिरला, चाकांवर बुटाने टकटक केलं आणि खूश झाला. जड ट्रेलरकडे त्याने नुसतं बघितलं.

"दोन माणसांना एवढा वाडा कशाला गं? आत नाचायचंय का?"

"दोन नाही," एफी म्हणाली. "तीन."

"तिसरं कोण? हा सायलस येणार असेल तर मी आत्ताच घरी जातो," माझ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला.

"आई. येताना तिला घेऊन येणार आहे मी."

हेडली माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच काही बोललो होतो. एफीची आई, सेलिनामावशी, चौऱ्याऐंशी वर्षांची. आमच्या गावात, ग्रीब कोव्हमध्ये, आता जेमतेम दहा-बारा घरांतून धूर निघतो, त्यातलं एक घर तिचं. ती विमानात बसायला तयार नव्हती आणि परक्या छपराखाली झोपायलाही.

"ती चर्चच्या सहलीलासुद्धा कधी गेली नाही, एफी."

"सहलीत दार लावून झोपायला खोली नव्हती. ह्यात आहे."

आणि खरंच होती. मागच्या बाजूला छोटीशी खोली, तिला नीट दार, आत पलंग. संडासही उभं राहता येईल असा. विक्रेता पुढे सरसावला. "तुमची पिकअप हा सहज ओढेल, साहेब."

"ओढेल रे," हेडली म्हणाला. "थांबवेल का, ते सांग. सुपीरियर सरोवराच्या उतारावर मागून हे धूड ढकलायला लागलं की तू येणारेस का ब्रेक मारायला?"

त्याने पिकअपचं दार उघडून आतल्या पट्टीवरचे वजनाचे आकडे वाचले. रिकामा ट्रेलर पेलेल, पण त्यात एफीची भांडी, पाणी, अंथरुणं आणि ती दोघं आली की सगळं अगदी काठावर. तो हिशेब सांगत होता तोवर एफी मागच्या खोलीत जाऊन बसली आणि तिने आतून दार लावून घेतलं. आम्ही तिघं पुरुष बाहेर ताटकळत उभे. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"मी आत शिंकले. ऐकू आलं कुणाला?"

कुणालाच आलं नव्हतं.

"मग हाच घ्यायचा," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते आणि शिंक काही आली नव्हती, हे आम्हाला कळलं. विक्रेत्यालाही कळलं असावं, कारण तो एकाएकी कागद आणायला आत गेला.

जूनमध्ये ती दोघं निघाली. वजन कमी करायचं म्हणून हेडलीने भावासाठी जपलेलं बोटीचं जुनं इंजिन माझ्याकडे टाकलं, हत्यारं टाकली, पाण्याची टाकी कोरडी ठेवली. एफीनेही लोखंडी तवा मागे ठेवला, पण तो तिने इतक्या दुःखाने ठेवला की हेडली स्वतःच उचलून परत आत ठेवून आला.

गवताळ प्रदेशात सगळं सुरळीत चाललं. सरोवराच्या काठचे चढ लागले तशी पिकअप धापा टाकायला लागली. मागे गाड्यांची रांग लागे, भोंगे वाजत. एफी समोरच्या डॅशबोर्डवर हात ठेवून बसायची, दमलेल्या घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. एका उतारावर मोठा ट्रक शेजारून सुसाट गेला आणि ट्रेलर असा हेलकावला की पिकअपची शेपूटच त्याने धरून फिरवली. हेडलीने कशीबशी गाडी सावरली, कडेला घेतली. स्टिअरिंगवरचे त्याचे हात सुटेनात.

"हलका घेतला असता तर..." तो म्हणाला.

"तर आई कुठे झोपली असती?"

पुढे साऱ्या प्रवासात त्याने तो विषय काढला नाही.

बोटीतून न्यूफाउंडलंडला उतरले तर रेकहाउसचा वारा सुटलेला. हा वारा एकेकाळी आगगाडीचे डबे रुळांवरून खाली पाडायचा, त्यामुळे कुणी त्याच्याशी हुज्जत घालत नाही. सगळे ट्रक बंदरातच थांबले, हेही थांबले. हेडली किनाऱ्यावर गेला आणि भर वाऱ्यात तोंड उघडून उभा राहिला.

"कॉड माशासारखा काय उभा आहेस? ये आत!" एफी ओरडली.

"चव घेतोय," तो म्हणाला. मग ती पण जाऊन उभी राहिली.

ग्रीब कोव्हला पोचल्यावर मात्र हेडलीला भीती होती तेच झालं. वरच्या रस्त्यावरून खाली वाडीत जाणारी वाट चर्चपाशी अशी मुरडते की एवढा लांब ट्रेलर वळेना. हलका असता तर थेट मावशीच्या दारात गेला असता. शेवटी वर, खडीच्या जुन्या खाणीत जिथे उन्हाळ्यात लोक आपापले ट्रेलर लावतात, तिथेच लावला.

"बोल," एफी म्हणाली. "बोलून टाक एकदाचं."

"मी कुठे काय बोलतोय?"

"तेच तर."

सेलिनामावशीने दोघांना दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वाळलात. तिकडे खायला देत नाहीत काय रे, हेडली? का हीच देत नाही?"

दुसऱ्या दिवशी ती रविवारची टोपी घालून पिकअपमधून वर आली. ट्रेलरचं एकेक कपाट उघडून बघितलं. नळ सोडून बघितला, पाणी नाही म्हणून हेडलीला दोन शब्द सुनावले. मागच्या खोलीत गेली, पलंगावर बसली, हाताने गादी दाबली. मग बाटलीतलं पाणी घेऊन स्वतःच चहा टाकला, त्यात डब्यातलं दूध घातलं आणि टेबलाशी बसून सावकाश प्यायली.

"झकास आहे. लग्न होऊन आले तेव्हाच्या आमच्या घरापेक्षा मोठं."

एफीचा चेहरा असा उजळला की हेडलीला शाळेतली एफी आठवली. "मग सोमवारी निघायचं ना, आई?"

"कुठे?"

"आमच्याकडे. सावकाश जाऊ. रोज थोडं थोडं."

मावशीने कप खाली ठेवला. "सकाळी उठून मी हा पडदा सारला की बाहेर काय दिसेल मला?"

"काय काय दिसेल! एक दिवस रान, एक दिवस तळी. रोज वेगळं."

"हां," मावशी म्हणाली. "पण मला रोज तेच लागतं गं, बाळा."

त्यानंतर एफीने विनवण्या केल्या, रुसली, एकदा भांडीसुद्धा आपटली. मावशी हसायची आणि तव्यावर कणकेचे गोळे तळून तिच्या पुढ्यात ठेवायची. पण त्या दिवसांत एफीला बाकीचंही दिसत होतं. रश्शात मीठ दोनदा पडत होतं. केटली चुलीवर कोरडी होऊन काळी पडली होती. सरपण आणायला मावशी भिंतीला धरून जात होती, आणि शेजारच्या ज्या घरातून कुणी धावून आलं असतं, त्या घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या.

निघायच्या दिवशी हेडली खाणीत पिकअप मागे घेत होता. ट्रेलर जोडायच्या अडकवणीला तेल लावून त्याने हात पुसले, तेवढ्यात एफी खालून चढून आली, मागोमाग काठी टेकत मावशी.

"जोडू नकोस," एफी म्हणाली.

"जरा बाजूला हो, साखळी घेऊ दे."

"हेडली, जोडू नकोस. ट्रेलर राहू दे. मीही राहते."

तो कंबर सरळ करून उभा राहिला. मग म्हणाला, "मग मीही राहतो."

"आणि पेन्शन? अजून तीन वर्षं आहेत. आत्ता सोडलंस तर हाती काही येणार नाही, तूच सांगतोस ना?"

मावशी काठी आपटून म्हणाली, "माझ्यासाठी राहू नकोस हां. नवऱ्याला वाऱ्यावर सोडून आईकडे बसली म्हणून गाव बोलेल."

"गावात आहे कोण बोलायला?"

"मी आहे!"

"तुझ्यासाठी नाही राहत, आई," एफी म्हणाली. "मला तिथे झोप लागत नाही. इतकी वर्षं झाली, नाहीच लागत."

"मलाही लागत नाही," हेडली म्हणाला.

हे त्याने तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. बिछान्यात दोघंही एकमेकांना झोपलेलं समजून गप्प पडून राहिली होती, हे त्या क्षणी दोघांना कळलं. मावशी मान वळवून समुद्राकडे बघत राहिली. मग तिने हेडलीचा हात धरला. "चल, जेवून जा. उपाशीपोटी कुणी निघत नाही माझ्या दारातून."

तो एकटाच परत आला. बाजूचे लांब आरसे त्याने काढले नव्हते. दर थोड्या वेळाने मागचा ट्रेलर नीट आहे ना म्हणून तो आरशात बघायचा आणि मागे नुसता रस्ता असायचा. "पिकअप कशी पळत होती म्हणून सांगू, सायलस," मला म्हणाला. "चढ कळले नाहीत. पोरासारखी पळत होती." आणि त्याने ताटातलं अन्न बाजूला सारलं.

हिमवर्षाव व्हायच्या आत एफी ट्रेलरमधून खाली आईच्या घरी राहायला गेली. मीठ आता एकदाच पडतं, सरपण दारात असतं. मावशीची तब्येत सुधारली आणि जिभेची धारही. पुढच्या उन्हाळ्यात हेडली सुट्टी काढून विमानाने गेला. सगळी सुट्टी दोघं वर ट्रेलरमध्ये राहिली आणि मावशी रोज कुणाच्या तरी गाडीतून जेवायला वर यायची. तिथे तो दुपारी जेवून आडवा झाला की चहाच्या वेळीच उठायचा, असं एफीने मला फोनवर सांगितलं.

परत निघताना मावशीने त्याच्या हातात पिवळ्या रानबेरीच्या मुरंब्याची बरणी दिली. दलदलीत वाकून वाकून तिने आणि एफीने बेऱ्या वेचल्या होत्या. हेडलीने ती खांद्यावरच्या पिशवीत ठेवली आणि विमानतळावर तपासणीच्या मुलीने ती बाहेर काढली.

"हे आत नेता येणार नाही, काका. इथे ठेवावं लागेल."

"कुठे ठेवू?"

तिने कचऱ्याचं पिंप दाखवलं.

हेडली रांगेतून बाहेर आला. बाकावर बसून त्याने झाकण उघडलं आणि चमचा नव्हता म्हणून बोटाने खायला लागला. शेजारी एक म्हातारी बसली होती, आपल्याच किनाऱ्याकडची. तिने विचारलं, "कुठल्या दलदलीतल्या रे?" त्याने सांगितलं. तिने न विचारता बोट घातलं. दोघांनी मिळून बरणी चाटून पुसून संपवली, तोवर विमानाची शेवटची हाक झाली आणि हेडली धावत सुटला.

"बियांचं काय सांगू तुला," परवा तो मला म्हणत होता. "सगळ्या दातांत अडकल्या. इकडे एडमंटनला विमानातून उतरेपर्यंत एकेक काढून चावत होतो."