ग्लेनार्डाच्या संघाचे ठोसे खाणारे टेबल

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो, पण अभ्यासाचे किंवा जेवणाचे नव्हे. आयर्लंडच्या पश्चिमेला ग्लेनार्डा नावाची काउंटी, म्हणजे तिकडचा जिल्हा, आहे. तिच्या गेलिक फुटबॉल संघाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत मी ऐन मध्यभागी उभा असे. संघाचा इतिहास लिहायला एकदा एक मास्तर आले होते. त्यांनी म्हाताऱ्या खेळाडूंना बोलते केले, जुनी वर्तमानपत्रे चाळली, आणि मग माझ्यावरच कोपरे टेकून लिहीत बसले. मला मात्र एक अक्षर विचारले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

म्हणून आता मीच सांगतो.

चर्चच्या आवारातला एक ओक वादळात पडला. बार्टली सुताराने त्याच्या अर्ध्या लाकडाची चर्चसाठी बाके केली आणि उरलेल्या अर्ध्यातून मला घडवले. म्हणजे माझे सख्खे भाऊ प्रार्थना ऐकत मोठे झाले आणि मी शिव्या. पण मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. चर्च रविवारी तासभर भरते, आमचा रविवार दिवसभर चाले.

सामन्याआधी खेळाडू माझ्यावर आडवे होऊन मांड्या चोळून घेत. त्या तेलाचा झणझणीत वास अजून माझ्या अंगात आहे. मध्यंतरात माझ्यावर संत्र्याच्या फोडी येत, सामना संपला की नूलाबाईंची चहाची भलीमोठी किटली आणि हॅमची सँडविचे. पण ही सगळी वरकड कामे झाली. माझे खरे काम ठोसे खाण्याचे. आमच्याकडे मध्यंतरात प्रशिक्षकाने टेबलावर मूठ आपटली नाही, तर खेळाडूंना वाटे, याचा सामन्यात जीवच नाही. एक दूध डेअरीचे व्यवस्थापक प्रशिक्षक झाले होते. ते बोटाच्या पेराने टकटक करत आणि संघही तसाच हलक्या हाताने खेळे. त्यांच्या मागून एक लोहार आला. त्याने माझी एक फळी चिरली, पण संघाला पहिल्यांदा उपांत्य फेरीत नेले. त्या चिरेचा मला फार अभिमान आहे.

दिवस सगळे सारखे नव्हते. एका वर्षी निम्मा संघ बोटीत बसून इंग्लंडला मजुरीला गेला आणि आम्ही सपाटून मार खाल्ला. एका वर्षी आमचा सर्वांत चपळ खेळाडू पाद्री होण्याचे शिक्षण घेत होता. त्याला बाहेर खेळायला बंदी होती, म्हणून तो खोट्या नावाने खेळे. साऱ्या काउंटीला हे ठाऊक होते. त्याचे बिशपसुद्धा पुढच्या रांगेत बसून त्याच खोट्या नावाने त्याला आरोळ्या देत.

हे सगळे मी ऐकले, मित्रांनो, पाहिले नाही. माझ्या खोलीला एकच खिडकी होती, तीही छताजवळ. चेंडूला लाथ बसताना मी कधी पाहिलीच नव्हती. गर्दीच्या आवाजावरून आणि आत येणाऱ्या पायांवरून मी निकाल ओळखे आणि तो कधी चुकत नसे.

पण एवढी वर्षे होऊनही प्रांताचा चषक आमच्याकडे एकदाही आला नव्हता. कारण सगळ्यांना माहीत होते आणि कुणी बोलत नव्हते. किलकॅशेल आणि ड्रमरे ही आमची दोन मोठी गावे. चांगले खेळाडू तिथलेच. खूप पूर्वी या दोन गावांच्या सामन्यात गोलात शिरणारा चेंडू एका कुत्र्याने अडवला होता. कुत्रा ड्रमरेचा होता, असे किलकॅशेल म्हणे. कुत्रा किलकॅशेलचा होता, अशी ड्रमरेची शपथ. कुत्रा मेला, मालक मेले, पण भांडण टुणटुणीत राहिले. काउंटीसाठी ते एका रंगाच्या जर्सीत खेळत, पण एकमेकांना चेंडू देत नसत. खोलीत किलकॅशेलची मुले माझ्या खिडकीकडच्या बाजूला बसत, ड्रमरेची दाराकडच्या. दोन्ही बाजू माझ्याच आधाराने बसतात, म्हणून माझी मान ताठ असे.

मॅलकी टूही प्रशिक्षक झाला, तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. तो किलकॅशेलचा. तरुणपणी अंतिम सामन्यात तो गोलासमोर एकटा उभा होता, हात वर करून. ड्रमरेच्या गड्याने त्याच्याकडे पाहिले आणि चेंडू स्वतःच मारला, तो बाहेर गेला. आम्ही एका गुणाने हरलो. मॅलकी तेव्हा माझ्यावर डोके ठेवून रडला होता. आता त्याला एकच गोष्ट हवी होती, तो चषक.

त्या वर्षी आम्ही पुन्हा अंतिम फेरीत पोचलो आणि नाणेफेकीत सामना आमच्याच मैदानावर आला. सकाळी मॅलकी नूलाबाईंना म्हणाला, "आज नाही जमलं, तर उद्यापासून मी आणि माझ्या मेंढ्या. किल्ल्या तुमच्याकडे देऊन टाकीन."

"मेंढ्या तरी ऐकतात का तुझं?" नूलाबाई म्हणाल्या.

"मेंढ्या एकमेकींच्या मागून तरी चालतात, बाई."

पूर्वार्ध संपला. आत आलेले पाय जड होते. आम्ही चार गुणांनी मागे होतो. कॅथल हा किलकॅशेलचा पोरगा दार ढकलतच ओरडला, "मी गोलासमोर मोकळा होतो! आंधळा आहेस का रे?"

ड्रमरेचा एंडा आपल्या बाजूला बसत म्हणाला, "दिसलास ना. म्हणूनच नाही दिला."

"तुझ्या बापानेही कुणाला दिला नव्हता!"

"आणि तुझ्या आजाने कुत्रं आवरलं नव्हतं!"

मॅलकी माझ्यासमोर आला आणि त्याने मूठ उचलली. मी फळ्या घट्ट केल्या. मूठ वरच राहिली. त्याने माझ्या या बाजूला पाहिले, त्या बाजूला पाहिले, आणि हात खाली घेतला.

"हे धूड बाहेर काढा," तो म्हणाला.

"काय?"

"टेबल. आत्ताच्या आत्ता. एंडा, तू ते टोक धर. कॅथल, तू हे. बाकी कुणी हात लावायचा नाही."

मित्रांनो, मला किती अपमान वाटला म्हणून सांगू! जन्मभर ठोसे खाल्ले, आणि ऐन अंतिम सामन्यात मला घराबाहेर? होता नव्हता तेवढा जोर लावून मी जड झालो. दार अरुंद होते. मी आडवा अडकलो.

"तिरकं कर ना, गाढवा!"

"तू आधी खाली घे. खाली! माझा अंगठा आहे मध्ये!"

"मग सांग की तसं. थांब, मी उचलतो, तू वळव."

"वळवलं. आता हळू. हळू ये माझ्याकडे."

"आलो. धरलंस?"

"धरलंय."

मी सुटलो आणि दोघे मला घेऊन बोळात धडपडले. एंडाच्या अंगठ्याची साल निघाली होती. कॅथलने ती पाहिली आणि फस्सकन हसला. एंडाला राग यायला हवा होता, पण तोही हसला. तेवढ्यात पंचांनी दार वाजवले. मध्यंतर संपले होते. मॅलकीचे भाषण झालेच नाही, आणि संत्री तशीच पडून राहिली.

संघ माझ्या शेजारून मैदानात गेला. मी मान वळवली असती, पण गरज पडली नाही. त्यांनी मला जिथे टाकले होते, तिथून बोळाच्या तोंडाशी उजेडाची एक चौकट दिसत होती, आणि त्या चौकटीत हिरवेगार गवत, गोलाचे दोन पांढरे खांब, आणि आकाश. एवढी वर्षे ज्याच्यासाठी मार खाल्ला, ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी अपमान विसरलो.

आमची मुले एकेक गुण परत आणत होती. शेवटची काही मिनिटे उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एकच गुण मिळतो. खालून जाळ्यात गेला, तरच तीन. आणि या खेळात चेंडू हातात घेता येतो, मुठीने ढकलताही येतो. एंडा चेंडू घेऊन माझ्या उजेडाच्या चौकटीत शिरला. समोर फक्त गोलरक्षक. ड्रमरेचा कुठलाही माणूस अशा वेळी स्वतःच मारतो. बाजूला कॅथल हात वर करून धावत होता. मैदान ओरडत होते, "मार! मार!"

एंडाने चेंडू मुठीने कॅथलकडे ढकलला.

गोलरक्षक एंडाच्या अंगावर झेपावलेला होता. कॅथलने मोकळ्या जाळ्यात चेंडू घातला. खांबाजवळच्या पंचाने गोल झाल्याचा हिरवा झेंडा उचलला, आणि पाठोपाठ शेवटची शिट्टी वाजली: एका गुणाने चषक आमचा! मग मला काही दिसेना, कारण सगळी माणसे चौकटीतून मैदानात धावत होती.

मॅलकी मात्र उलटा बोळात आला. तो माझ्यावर बसला आणि नूलाबाईंना म्हणाला, "पोराने दिला हो. मोकळ्या माणसाला चेंडू दिला त्याने." तो रडत होता. नूलाबाईंनी त्याच्या हातात चहा दिला आणि त्या स्वतःही रडल्या.

दुसऱ्या दिवशी मला परत आत न्यायला माणसे आली. मॅलकी म्हणाला, "राहू दे त्याला तिथंच." तेव्हापासून मी बोळातच आहे. ठोसे बंद झाले. माझ्यावर आता ओल्या छत्र्या ठेवतात, कुणी चिखलाचे बूटही ठेवतात. वाईट वाटते कधीकधी, पण तक्रार नाही. इथून सामना दिसतो. खोलीत दोन्ही गावांची मुले जागा मिळेल तिथे बसतात. आम्ही अजूनही पुष्कळदा हरतो, पण चेंडू दिल्यावर हरतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात, गल्लीत असे काहीतरी मध्येच उभे असेल. त्याला कुऱ्हाड लावू नका, ते बिचारे कुणाचे तरी ओझे वाहत असते. एकाने एक टोक धरा, ज्याच्याशी बोलत नाही त्याला दुसरे धरू द्या, आणि सांभाळून बाहेर ठेवा. मग त्याच्यावरून एकदा फडके फिरवा. जुन्या लाकडाला तेवढे पुरते.