रानस्ट्रॉबेरीची खुडलेली पानं

मित्रांनो, मी एक म्हातारी रानस्ट्रॉबेरी आहे. आखाती देशातल्या खोर फक्कानच्या रस्त्यावरच्या एका ग्रीनहाउसच्या कोपऱ्यात माझी कुंडी आहे. माझी फळं वाटाण्याएवढी, कोण कशाला ढुंकून बघेल! पण मला पोसतात ते आजारी पडण्यासाठी.

हसू नका. बागेतल्या बड्या स्ट्रॉबेऱ्यांच्या अंगात विषाणू शिरला तरी त्या टवटवीत दिसतात. मला मात्र तो लगेच बाधतो. म्हणून लॅबच्या प्रज्ञामॅडम संशयित रोपाचं पान माझ्या देठावर कलम करतात आणि सहा आठवडे थांबतात. माझी नवी पानं पिवळी पडली, आकसली, की ते रोप रोगी. आजवरची पाचही रोपं निरोगी निघाली, म्हणून मी वाचले.

सहावं पान राणीचं होतं. राणी म्हणजे भिकाजीकाकांनी तीन वर्षं जिवापाड जपलेलं मातृरोप. काका इथले माळी, मूळचे जावळीकडचे, इथे एकटेच राहतात. गावी बायकोला फोन केला की आधी राणीची खुशाली सांगतात! तिच्या रनरपासून, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या फुटव्यांपासून, चार हजार रोपं करायची होती.

पाचव्या आठवड्यात माझं नवं पान पिवळ्या ठिपक्यांनी भरलं, वाकडं झालं. अंगात कणकण होती, पण मनात म्हटलं, चला, कष्टाचं चीज झालं. आता मॅडम बघतील.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे पाहुणे यायचे होते. वाकडं पान दिसलं की काकांचे हात शिवशिवतात, गावची सवय.

"काय गं ही दशा! चारचौघांत शोभतं का?" म्हणत त्यांनी ते पान खुडलं. पुढेही नवं पान आलं की खुडायचे. किती प्रेमानं! मी काय बोलणार, कप्पाळ?

सहाव्या आठवड्यात मॅडम आल्या. "काका, पानं कमी वाटतात."

"साफसफाई केली, मॅडम."

"ओके. प्लांट क्लीन आहे. यल्ला, चला, रनर लावा!"

जानेवारीत चारही हजार रोपं खुरटली. मॅडमनी त्यांची पानं लॅबमध्ये तपासली, विषाणू निघाला, तशा धावत माझ्याकडे आल्या. "काका, हिची नवी पानंसुद्धा खुडलीत?"

काकांनी माझे खुडलेले देठ चाचपले. "ओंगळ दिसत होती, मॅडम. ती बिचारी सांगत होती, आणि मी तिचं तोंड दाबलं."

"रिपोर्टवर सही माझी आहे, काका," मॅडम एवढंच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

सगळी बाग उपटली. राणीला काकांनी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःच उपटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नोकरीही खलास झाली. उद्याचं विमान आहे.

रोग आता माझ्यातही आहे, तेव्हा मलाही जाळणार. मित्रांनो, रोगट पान दिसलं तर आधी चार जणांना दाखवा हो, मग खुडा. आजाऱ्याला नुसतं नीटनेटकं करून काय उपयोग?

काका पिशवी घेऊन आले आहेत. मला उपटायलाच आलेत, तरी आधी पाणी घालताहेत.