कॉर्डेल काय म्हणतोय?

कझाकस्तानातल्या किझिलोर्दाच्या विमानतळावर बिबिगुल आपाय पाऊण तास आधीच येऊन उभ्या होत्या. अंगात ठेवणीतला निळा कोट, गळ्यात मोत्यांची माळ आणि हातात पुठ्ठ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरांत लिहिलेलं नाव. कॉर्डेल व्हिटलॉक.

छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, म्हणून सगळ्यांच्या त्या 'आपाय', म्हणजे बाई. अर्ध्या शहराच्या वह्यांवर त्यांची लाल शाई सांडलेली होती. पण इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांचं इंग्रजी मॉस्कोत छापलेल्या पुस्तकांतून आलेलं. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर ते तसंच घडी घालून कपाटात ठेवल्यासारखं झालं होतं.

"आपाय, गार वारं सुटलंय. आत बसा ना," येरमेक म्हणाला.

"गप उभा राहा. आणि हात खिशातून बाहेर काढ."

पंचेचाळीस वर्षांच्या येरमेकने निमूट हात बाहेर काढले. तो शहराच्या बास्केटबॉल संघाचा कोच होता आणि कधीकाळी आपायंच्या वर्गातला सगळ्यात ढ विद्यार्थी. क्लबने यंदा पहिल्यांदाच अमेरिकन खेळाडू आणायचं ठरवलं, तेव्हा दुभाषी म्हणून त्याला दुसरं नावच सुचलं नाही.

दाराच्या चौकटीखाली मान वाकवत कॉर्डेल बाहेर आला. वय चौतीस, उंची दोन मीटरच्या वर. लुईझियानातल्या एका खेड्यातला. तिकडच्या मोठ्या लीगच्या सराव शिबिरात तो दोन आठवडे होता, मग त्याला घरी पाठवलं होतं. तेव्हापासून बारा वर्षं, नऊ देश. तुर्कस्तान, पोलंड, सायप्रस, लेबनॉन, जिथून बोलावणं आलं तिथे तो गेला होता.

आपायंनी घसा साफ केला आणि आपल्या अत्यंत शुद्ध इंग्रजीत म्हणाल्या, "महोदय, आपले हार्दिक स्वागत असो. आपला प्रवास सुखकर झाला असावा, अशी मी आशा बाळगते."

कॉर्डेलचे डोळे चमकले. तो तोंडभर हसला आणि काहीतरी बोलला. जिन्यावरून अक्रोडांचं पोतं ओतावं तसं काहीतरी. त्यातला 'मॅम' एवढा एकच शब्द आपायंच्या हाती लागला.

"काय म्हणतोय?" येरमेकने उत्सुकतेने विचारलं.

'मला येत नाही' हे वाक्य छत्तीस वर्षांत आपायंच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तेही या येरमेकपुढे?

"म्हणतोय, प्रवास छान झाला. वरून आपली नदी फार सुंदर दिसली." आणि पुरावा म्हणून त्यांनी कॉर्डेलला लांबवरच्या सीरदर्या नदीची दिशा हाताने दाखवलीसुद्धा.

"वा! माणूस कदरदान आहे," येरमेक हरखून म्हणाला.

तिथून ते सुरू झालं. आपाय जे बोलत ते कॉर्डेलला झकास कळायचं. तो जे बोले ते मात्र आपायंच्या डोक्यावरून जाई. सरावात येरमेक घसा फोडून सूचना देई आणि आपाय त्या नीट समजावून सांगत. मग कॉर्डेल हातवारे करत बराच वेळ काहीबाही बोलायचा. येरमेक वळून बघे आणि आपाय सांगत, "म्हणतोय, कोच, अगदी बरोबर आहे तुमचं." दुसऱ्या दिवशी, "म्हणतोय, अशी आखणी मी तुर्कस्तानातही पाहिली नाही." येरमेकची छाती इंचभर फुगायची.

आज कळेल, उद्या कळेल, या आशेवर तीन आठवडे गेले. आपाय घरी बसून मोबाइलवर अमेरिकन बातम्या ऐकत. त्या त्यांना शब्दन् शब्द कळत. कॉर्डेल मात्र तसा बोलतच नसे.

आणि संघ एकामागून एक पाच सामने हरला.

पाचव्या पराभवानंतर येरमेक कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर डोकं धरून बसला. "आपाय, हा गडी मला कळत नाही. तोंडावर हो हो म्हणतो, वर कौतुक करतो, आणि मैदानात गेला की माझं एक ऐकत नाही. बास्केटखाली उभा राहा म्हटलं तरी हा आपला बाहेर पळतो. क्लबवाले म्हणतायत, परत पाठवा. मीही आता अडवणार नाही."

आपाय त्या दिवशी जेवल्या नाहीत. पोरगा समुद्र ओलांडून पोटासाठी इथवर आला, आणि त्यांच्या मिजाशीपायी त्याला घरी जावं लागणार होतं.

रविवारी दुपारी बाउरसाक तळून, गरम पुऱ्यांसारखे ते गोल फुगे कापडात बांधून, त्या कॉर्डेलच्या घरी गेल्या. दार उघडलं तर आतून तळणीचाच वास. बाजारातून सीरदर्याचा लांब मिशांचा मासा आणून, त्याला मक्याचं पीठ लावून स्वारी तव्यापुढे उभी होती.

आपायंनी कोटही काढला नाही. "महोदय, मला एक अप्रिय गोष्ट निवेदन करावयाची आहे. आपण जे बोलता, त्यातील अवाक्षरही मला समजत नाही. प्रथम दिवसापासून."

कॉर्डेल हातातला चिमटा तसाच धरून हसू लागला. इतका हसला, की खाली फरशीवर बसला आणि डोळे पुसू लागला. आपायंचा चेहरा पडला, तसा तो उठला, त्यांना खुर्ची दिली आणि एकेक शब्द सुटा करून बोलू लागला.

"मॅम. मला. वाटलंच. होतं. विमानतळावर मी विचारलं, बाथरूम कुठंय. तुम्ही मला नदी दाखवलीत!"

या वेळी आपायंना सगळं कळलं. त्यांनी तोंडावर हात घेतला आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

"मग आपण तक्रार का केली नाहीत?" त्यांनी जरा वेळाने विचारलं.

"नऊ देशांत नऊ दुभाषी झाले, मॅम. सगळे कामापुरतं बोलायचे आणि फोनमध्ये बघायचे. तुम्ही 'महोदय, कृपया पाणी प्राशन करावे' म्हणता, तेव्हा मला मी कुणी सरदार असल्यासारखं वाटतं. म्हटलं, हरलो तर हरलो, हे रोज ऐकायला तरी मिळतंय."

"मूर्ख कुठला," आपाय कझाकमध्ये म्हणाल्या. तेवढं त्याला न सांगताच कळलं.

त्यांनी पिशवीतून वही काढली. दोघांनी मासा आणि बाउरसाक खात खात अभ्यास मांडला. तीन शब्दांचा एक करायची त्याच्याकडची रीत होती, ती आपायंनी लिहून घेतली. शब्दांची शेपटं तर तो सरळ गिळूनच टाकायचा.

"तुमच्याकडे शेवटची अक्षरं जातात तरी कुठे?" त्यांनी वैतागून विचारलं.

"आमच्याकडे फार उकडतं ना, मॅम. वितळतात."

मग त्यांनी त्याला तीन आठवड्यांत तो काय काय बोलला ते पुन्हा सांगायला लावलं. पानं भरली. अंधार पडायच्या आत त्या घरी पोचल्या आणि सकाळी सरावाआधीच येरमेकपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"येरमेक, मी नापास झालेय."

येरमेकने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तो आपल्या नदीबद्दल बोललाच नव्हता?"

"नाही."

"आणि माझ्या आखणीचं कौतुक?"

"ते तर मुळीच नाही."

"आपाय! मी बायकोला सांगितलं होतं ते!"

"मग आता हे ऐक," आपायंनी वही उघडली. "तो पहिल्या दिवसापासून सांगतोय, मी उंच आहे म्हणून मला बास्केटखाली कोंबू नका. मी आयुष्यभर बाहेरून खेळलोय. माझं काम दुसऱ्याला मोकळं करायचं. तुमचा तो बुटका रखात वाऱ्यासारखा पळतो, त्याच्या हातात चेंडूच येत नाही."

येरमेकने वही मागून घेतली आणि त्यातलं एक अक्षरही वाचता येत नसताना बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. मग त्याने शिट्टी फुंकली आणि कॉर्डेलला बाहेर उभं केलं.

पुढचे दोन सामने ते जिंकले. तिसरा अक्तौच्या संघाशी, घरच्या मैदानावर. सभागृह खचाखच भरलेलं. वीस सेकंद उरली असताना संघ एका गुणाने मागे होता. येरमेकने टाइमआउट घेतला.

"चेंडू कॉर्डेलला. सरळ आत घुस आणि टाक," तो धापा टाकत म्हणाला.

आपायंनी सांगितलं. कॉर्डेलने मान हलवली आणि अक्रोड ओतले. सगळे आपायंकडे बघू लागले.

"म्हणतोय, कोच, तुमचं साफ चुकतंय. ते तिघं माझ्यावर तुटून पडणार. मी बाहेर थांबून त्यांना ओढतो, रखातला मोकळं सोडा."

येरमेक लालबुंद झाला. "असंच म्हणाला? अगदी असंच?"

"अगदी असंच नाही. शेवटी एक शब्द होता, तो मी तुला शिकवलेला नाही."

खेळाडू फिस्सकन हसले. शेवटी येरमेकही हसला आणि हात झटकून म्हणाला, "करा काय करायचं ते!"

तिघं खरंच कॉर्डेलवर धावले. त्याने चेंडू डोक्यावर धरला, उडी मारायचं सोंग केलं आणि खालून, कुणाच्या तरी पायांच्या मधून, रखातकडे सरकवला. रखात एकटाच बास्केटखाली होता. त्याने चेंडू इतक्या बेताने ठेवला, जणू अंडंच ठेवतोय. चेंडू कडेवर फिरला आणि आत पडला.

शहराने ती रात्र मोटारींचे भोंगे वाजवत काढली. हंगामाच्या शेवटी संघ काही विजेता ठरला नाही. पाचवा आला, पण त्याआधी तो कायम शेवटून दुसरा असायचा. क्लबने कॉर्डेलला आणखी एका हंगामासाठी विचारलं आणि त्याने तिथल्या तिथे सही केली. बारा वर्षांत एकाच गावात दुसरा हंगाम राहायची त्याची ही पहिलीच वेळ होती. मॅम म्हणायचं सोडून आता तोही 'आपाय' म्हणू लागला होता.

वसंतातल्या नौरीझच्या सणाला आपायंनी त्याला आणि येरमेकच्या कुटुंबाला जेवायला बोलावलं. वाफाळणारे वाडगे वाढून होतात तोच कॉर्डेलचा फोन वाजला. त्याची आई. त्याने दोन वाक्यं बोलून फोन सरळ आपायंच्या हातात दिला.

आई लेकाहून दुप्पट वेगाने बोलत होती. आपायंनी डोळे मिटून कान दिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. पोरगा नीट जेवतो का? थंडीत डोकं झाकतो का?

"भगिनी, सत्य सांगणे माझे कर्तव्य आहे," आपाय गंभीरपणे म्हणाल्या. "जेवण उत्तम चालू आहे. टोपी मात्र तो कदापि घालत नाही."

फोनमधून जो आवाज निघाला, तो टेबलाच्या टोकापर्यंत ऐकू गेला. कॉर्डेल मुकाट्याने उठला, बाहेर गेला आणि लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढूनच जेवायला बसला.

"याला काय झालं एकदम?" येरमेकने चमचा अर्ध्यात थांबवून विचारलं.

आपायंनी हाताने त्याला गप्प केलं. त्यांना पुढचं ऐकायचं होतं.