तोंडचं सूत

मारोतराव पहाटे उठले की अख्खी गल्ली उठायची. उठायची म्हणजे काय, झोपू देत होतं कोण? आधी कडुनिंबाचा पाला कचाकचा चावायचा, मग विहिरीचं गार पाणी बादल्या बादल्या अंगावर घ्यायचं, मग लंगोट लावून ओट्यावर दंड-बैठका, आणि सगळ्यात शेवटी घसा साफ करणं. हे घसा साफ करणं काही साधंसुधं नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पोटापासून ओढून ओढून म्हातारा नालीत थुंकायचा आणि तोंड पुसून नागपूरच्या अख्ख्या तांडापेठेला ऐकू जाईल असं म्हणायचा, "निघाला कफ! ज्याचा कफ आतच राहते तो मरते. मी नाही मरत बाप्पा इतक्यात."

आत चुलीपाशी बसलेली त्यांची सून भागीरथा रोज मनातल्या मनात म्हणायची, मरा एकदाचे.

बाई जन्माची अशी नव्हती. उमरेडच्या विणकराच्या घरून आली तेव्हा तोंडातून शब्द निघत नव्हता. पण सासऱ्यानं वर्षानुवर्षं एकच पोथी वाचली, ती स्वतःच्या तब्येतीची. मी सुई टोचून घेतली नाही, मी गोळी गिळली नाही, मी दवाखान्याची पायरी चढलो नाही. सून तापानं फणफणली तरी हे ओट्यावरून सांगणार, "पाला खात नाही, म्हणून." ऐकून ऐकून कोणाचंही डोकं फिरेल.

आणि मग कवडू आजारी पडला. कवडू म्हणजे मारोतरावांचा एकुलता एक लेक आणि भागीरथेचा नवरा. घरात हातमाग एकच. बापाचा हात थकला की लेक मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसे, लेकाचा थकला की बाप. तो लेक खंगत गेला, संध्याकाळचा ताप येऊ लागला, आणि एक दिवस विणता विणता खोकला आला तो लुगड्याच्या पांढऱ्या सुतावर लाल शिंतोडा टाकूनच थांबला. टीबी निघाला. त्र्याहत्तर सालची ही गोष्ट. तेव्हा त्यावर सुया होत्या, गोळ्या होत्या, माणूस वाचत होता. पण टीबी म्हटलं की शेजारी अजून दारं लावून घेत.

मारोतरावांनी निदान लगेच केलं. "माह्या घरात रोग कधीच नव्हता. उमरेडहून आला. हिची माय खोकूनच मेली."

भागीरथेची आई हिवतापानं गेली होती. पण विचारतं कोण? खोकला घातला की गोष्ट कशी झकास जमते! गल्लीनं ती उचलली. नळावर रंभाबाई आपली घागर भागीरथेच्या घागरीपासून सरकवून ठेवू लागली. एरवी हिच्याच घरून विरजण नेणारी बाई ती! भागीरथा सरळ म्हणाली, "घागरीले टीबी होत नाही वं रंभाबाई, अकलेले होते." पण घरी येऊन ती पदरात तोंड घालून रडली. इतका संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

त्यात म्हाताऱ्यानं कवडूला ओट्यावर ओढायला सुरुवात केली. "दंड मार. माह्याकडे पाह्य, साठी उलटली. झोपून कोणी बरा झाला का?"

"डॉक्टरनं आराम सांगतला जी, मामाजी," भागीरथा दारात आडवी उभी राहिली.

"डॉक्टर कालचं पोट्टं. त्याले काय समजते?"

"त्याले नाही समजत, तर मग तुमच्या पाल्यानं तुमचा लेक काहून नाही वाचवला?"

त्या दिवशी म्हातारा जेवला नाही. ताट तसंच राहिलं, आणि भागीरथेनं ते गाईपुढे ठेवलं.

दवाखान्यात सिंधूताई नावाच्या नर्सबाई होत्या, कडक आणि कामाच्या. त्यांनी पहिल्याच खेपेला विचारलं होतं, "घरात आणखी कोणी खोकतं का?" आणि भागीरथेनं बिनदिक्कत सांगितलं होतं, "कोणी नाही जी." खोटं नव्हती बोलली ती. मामाजी खोकत नव्हते, मामाजी घसा साफ करत होते. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात त्याला तेच नाव होतं.

पुढच्या एका खेपेला सिंधूताईंनी कवडूला सहज विचारलं, काम काय करता? कवडूला बरं वाटू लागलं होतं, त्यानं हौसेनं हातवारे करून दाखवलं. हा धोटा, मागावर इकडून तिकडे धावतो, याच्या पोटात सुताची कांडी बसते. कांडी संपली की नवी घालायची, आणि तिचं टोक धोट्याच्या या बारीक भोकातून बाहेर यायला पाहिजे. मग भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा, सूत सुळ्ळकन तोंडात येतं.

"दिवसातून किती वेळा?"

"मोजते कोण बाई? कांडी संपली की."

"आणि हाच धोटा दुसऱ्या कोणाच्या तोंडाला लागतो?"

"बाबाच्या. माग एकच आहे ना."

सिंधूताईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "भागीरथाबाई, हा रोग खोकल्यातून पसरतो, एका खोलीत बसून पसरतो, आणि इथं तर एकाची थुंकी सरळ दुसऱ्याच्या तोंडात जाते आहे. सासऱ्यांना घेऊन या. आणि सूत ओढायला काहीतरी दुसरं करा."

दुसऱ्या दिवशी पहाटे भागीरथा चुलीपाशी बसली होती. बाहेर म्हाताऱ्यानं गुडघ्यांवर हात टेकले आणि ओढायला सुरुवात केली. तिनं तो आवाज नव्या कानानं ऐकला. अगं बाई! हा तर खोकला आहे. हातातली फुंकणी तशीच राहिली आणि चुलीत नुसता धूर झाला.

इथवर भांडण तोंडाचं होतं. आता ते पोरीवर आलं. कवडूला वर्षभर मागावर बसायचं नव्हतं, तेव्हा येत्या दसऱ्याला जयाला मागावर बसवायचं असं मारोतरावांनी ठरवून टाकलं. जया सोळा वर्षांची, कवडू-भागीरथेची एकुलती लेक, हात मोठा चलाख. तपासणीत तिला काही निघालं नव्हतं. आणि या घराची एक रीत होती. दसऱ्याला मागाची पूजा झाली की घरातल्या थोरल्यानं धोट्यातून पहिलं सूत आपल्या तोंडानं ओढायचं, आणि तोच ओला धोटा नव्या विणकराच्या हातात द्यायचा. त्यानं तो न पुसता दुसरं सूत ओढायचं. थोरल्याच्या तोंडचं सूत म्हणजे आशीर्वाद. मारोतरावांना त्यांच्या बापानं असाच दिला होता.

भागीरथेनं मोडक्या छत्रीची तार घेतली, दगडावर घासून घासून गुळगुळीत केली, टोक वाकवलं आणि आकडा केला. भोकात घातला की सूत बाहेर. तिनं तो सासऱ्यापुढे ठेवला.

"मामाजी, जया आकड्यानं सूत काढन. तोंड नाही लावणार."

म्हाताऱ्यानं तो उचलला, दोन बोटांत धरून पाहिला आणि सरळ नालीत भिरकावला. "लोखंडानं सूत फाटते. माह्या मागावर लोखंड नाही लागणार. काय भंगाराचं दुकान समजली का वं?"

"पोरीची छाती फाटली तर चालते?"

"माह्या तोंडाले काय झालं? बोल! आजाराची सावली पडली नाही माह्यावर."

"तर थुंका मग डबीत," भागीरथा म्हणाली. गल्लीतली चार माणसं ओट्यापाशी थांबली होतीच, तिनं त्यांच्याकडे पाहूनच आवाज चढवला. "काही नाही निघालं, तर मी माह्या हातानं धोटा पोरीच्या तोंडाले लावतो. उमरेडचा रोग म्हणून गल्लीभर मीच सांगत फिरतो. आणि निघाला, तर आकडा. आहे हिंमत?"

हिंमत विचारली आणि म्हातारा फसला. त्यानं डबी मागितली, आणि पहाटे ओट्यावर, शेजारचे देवाजी आणि रंभाबाई पाहत असताना, पैलवानासारखा खाकरून डबीत थुंकला. "पाह्य म्हणा तुह्या डॉक्टरले! असा कफ त्यानं पाह्यला नसन!"

पाहिला. डॉक्टरनं तसा कफ ढिगानं पाहिला होता.

निकालाच्या दिवशी मारोतराव फेटा बांधून गेले होते. सिंधूताईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि आवाज न चढवता सांगितलं, तुमच्या थुंकीत जंतू आहेत, आज काढलेल्या छातीच्या फोटोतले डाग जुने दिसतात, पुष्कळ वर्षांचे. अंगातली ताकद चांगली म्हणून तुम्ही अंथरूण धरलं नाही एवढंच. औषध आजपासून सुरू करू. म्हातारा म्हणाला, "मशीन बिघडली आहे." आणि उठला, गोळ्यांची पुडी न घेता. ती भागीरथेनं घेतली.

रस्त्यात तो तिच्या दहा पावलं पुढे चालत होता. मध्येच थांबला, वळला. "घरी सांगशीन तर पाह्य."

"आज नाही सांगत," भागीरथा म्हणाली. "दसऱ्याले सांगतो. सगळ्याईसमोर. जशी तुम्ही माही माय सांगतली सगळ्याईले, तशी."

तिला त्याची दया आली नाही. यावी असंही तिला वाटलं नाही.

त्यानंतर पहाटे ओट्यावर कोणी घसा साफ केला नाही. पाला नाही, दंड नाही. म्हातारा मागच्या न्हाणीत जाऊन, तोंडावर पंचा दाबून खोकायचा. गल्लीला जाग उशिरा येऊ लागली. रंभाबाईनं नळावर विचारलंसुद्धा, "डबीत काय निघालं वं?" भागीरथा म्हणाली, "दसऱ्याले ये, त्याहिलेच विचार." घरात ती गोळ्या त्याच्या ताटाशेजारी ठेवायची. तो ताट उचलायचा, गोळ्या तिथंच.

दसरा उगवला. मागाला झेंडूचं तोरण, हळदकुंकू, उदबत्ती. जया नवं पातळ नेसून खड्ड्यात पाय सोडून बसली. कवडू शाल पांघरून दारातल्या खाटेवर. देवाजी आले, रंभाबाई आली, गल्लीतल्या आणखी दोघीचौघी आल्या. आदल्या दिवशी भागीरथेनं धोटा उकळत्या पाण्यात घातला होता आणि कमरेला नवा आकडा खोवला होता. तिचं ठरलं होतं. म्हाताऱ्याचे ओठ धोट्याला लागले की धोटा हिसकायचा, चुलीत घालायचा आणि मग बोलायचं. काय बोलायचं तेही पाठ होतं. मग घराबाहेर काढोत, नाहीतर जातीतून काढोत.

मारोतरावांनी धोट्यात कांडी बसवली. टोक भोकापाशी नेलं. धोटा वर उचलला, हनुवटीपर्यंत. भागीरथेनं पदर खोचला.

म्हाताऱ्यानं जयाकडे पाहिलं. पोरगी हात पुढे करून, हसून बसली होती. धोटा हनुवटीपाशीच थांबला, आणि हळूहळू खाली आला.

"आकडा आण," तो म्हणाला.

"काय म्हणता जी?" भागीरथेला ऐकू आलं होतं. पण तिला ते पुन्हा ऐकायचं होतं.

"आकडा आण म्हणलं वं अवदसे! बहिरी झाली का?"

तिनं दिला. त्यानं तो भोकात घातला. ज्या हातांची वीण गांधीबागेच्या कापडबाजारातले व्यापारी डोळे मिटून घेत, त्या हातांना ते टोक सापडेना. सूत आत सरकत होतं. देवाजींना राहवेना. "तोंडानं घ्या ना जी, मारोतराव. तुमच्या घरची रीत आहे. डबीत काही निघालं थोडीच?"

मारोतरावांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. दात हलतात म्हण, ओठ फाटला म्हण, काहीही म्हण, असं त्या डोळ्यांत होतं, आणि तिला ते चांगलं कळलं. दोन शब्दांचं काम होतं. ती काही बोलली नाही. पाठ केलेलंही बोलली नाही. तिच्या मायचं नाव त्यानं घेतलं होतं, आता हेही त्यानंच बोलायचं.

"माह्या थुंकीत बिमारी आहे," म्हातारा म्हणाला. मग जरा थांबून, "हिनं नाही आणली. माहीच आहे. जुनी."

रंभाबाईनं तोंडाला पदर लावला. देवाजी एक पाऊल मागे सरकले, आणि ते सरकलेलं मारोतरावांनी पाहिलं. इतक्यात आकड्याला सूत लागलं आणि बाहेर आलं. त्यानं धोटा आणि आकडा दोन्ही जयाच्या हातात ठेवले. जयानं आकड्यानंच सूत काढून पाहिलं, कुठं फाटलं नाही.

भागीरथेला वाटलं होतं, या क्षणी आपल्या काळजाला थंडावा पडेल. तेवढ्यात दारातून कवडूचा आवाज आला. आजारात बारीक झालेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मले तर तोंडानंच देला होता, बाबा."

मारोतराव वळले नाहीत. आकडा देऊन रिकामा झालेला हात तसाच पुढे धरून ते उभे राहिले. खड्ड्यात जयानं पायाखालचा पायटा दाबला आणि माग चालू झाला.