अंतिम रेषेच्या अलीकडे-पलीकडे

थोरली लांब पल्ल्याची ट्रायथलॉनपटू होती. पोहणं, सायकल आणि धावणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. पस्तिशीनंतर गुडघ्याने दगा दिला. "धावणं आता विसरा," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "आपण सांघिक गटात उतरू. पोहणं नि सायकल तुझी, धावणं माझं."

"तुला जिना चढताना धाप लागते!"

"मग शिकव की."

पुढच्या मोसमात दोघी उतरल्या. थोरलीने सायकल सगळ्यांच्या आधी आणून लावली. धाकटी धावत सुटली, तशी थोरली अंतिम रेषेपाशी जाऊन थांबली. एकेक संघ येत गेला, पण धाकटीचा पत्ता नव्हता. चक्कर येऊन पडली तर नसेल? थोरलीचा जीव टांगणीला लागला. शेजारी आई निवांत संत्रं सोलत होती.

"आई, तुला काळजी नाही वाटत?"

"वाटते ना. पण तुझ्यापायी इतकी वर्षं इथेच उभी राहिलेय. सवय झाली."

उन्हं कलताना धाकटी लंगडत आली आणि थोरलीच्या गळ्यातच पडली.

"आपला शेवटून दुसरा नंबर," थोरली म्हणाली.

"आणि शेवटचे?"

"यायचेत अजून."

"मग थांबू या," आई म्हणाली.