बडनेऱ्यातील एका कॅमेऱ्याचा बंदोबस्त

बडनेरा येथील रुळांलगतच्या आमच्या गल्लीत घरोघरी इंटरनेट पुरविणे हा माझा व्यवसाय होय. शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तारा ओढणे मला लवकर साधले; परंतु जाळ्याचे रक्षण हा विषय बुद्धीस जड जाई. म्हणून अकोल्याच्या नितेशने, ज्याच्याकडून मी यंत्रे घेतो, माझ्या संगणकावर एक एआय एजंट बसवून दिला. त्यास मराठीत लिहून सांगावे, म्हणजे तो जाळ्यातील रहदारी तपासतो आणि फायरवॉलचे, म्हणजे वेशीवरील चौकीचे, नियम रचतो. माझ्या होकारावाचून मात्र एकही नियम लावीत नाही.

त्या सोमवारी सकाळीच शेजारची जेबा दारात येऊन उभी राहिली. अकोल्यातील एका तपासणी केंद्राने तिला घरबसल्या अहवाल टाइप करण्याचे काम देऊ केले होते, आणि तिचे काम पारखून पाहण्याचा तो दिवस होता.

"चाचा, त्यांची साइट मले आतच घेऊन नाही राहिली," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत अहवाल नाही गेले त काम दुसरीले देतीन."

"मोबाइलवरून जोडून पाहिलं काय?"

"आमच्या घरात रेंज येते अन् मालगाडीसंगं निघून जाते."

मी एजंटास विचारले. थोड्याच वेळात पडद्यावर उत्तर उमटले. गल्लीतीलच उत्तमरावांच्या घरचा कॅमेरा कोणा भामट्याच्या ताब्यात गेला असून तो बाहेरच्या संकेतस्थळांवर अविरत धडका मारीत होता. गल्लीतील सर्व घरे बाहेरच्यांस एकाच पत्त्याने दिसतात. त्यामुळे तपासणी केंद्राच्या यंत्रणेने स्वतःच्या बचावासाठी त्या पत्त्यासच बंदी घातली होती. एकाच्या अपराधाने सारी गल्ली दोषी ठरली होती, आणि तिच्यात निरपराध जेबाही आली.

नितेशला फोन केला असता तो म्हणाला, "उत्तमरावाचं पुरं घरच बंद करून टाका ना भाऊ. कायले डोकं लावता?"

मीही एजंटास तसेच लिहिले. त्याचे उत्तर आले: 'एवढे करण्याची गरज नाही. केवळ कॅमेऱ्याची बाहेर जाणारी वाट अडविणे पुरेसे आहे. नियम तयार आहे. परंतु हा कॅमेरा दिवसभर बाहेरच्या एका फोनवरून पाहिला जातो. पाहणाऱ्यास आधी कळवावे, असे सुचवितो.'

तो पाहणारा कोण, हे मला ठाऊक होते. उत्तमराव दिवसभर चांदूर रेल्वेकडच्या आपल्या शेतात असतात, आणि घरी त्यांची वृद्ध माता पार्बताबाई एकटी असते. उन्हाळ्यात ती ओसरीत पडली, तेव्हापासून त्यांनी तो कॅमेरा लाविला होता.

"उत्तमराव, तुमचा कॅमेरा साऱ्या जगाशी भांडून राहिला," मी फोनवर म्हणालो. "आजच्या दिवस बंद करा लागते."

"भांडू दे. माय पडली त मले इथून कसं दिसन? तू येऊन उचलशीन काय, महादेवा?"

"जेबाचं काम हातचं जाऊन राहिलं, उत्तमराव."

"अन् माही माय?"

होकाराचे बटण समोर होते, आणि ते दाबण्याचा अधिकारही माझाच होता. तरी बोट पुढे जाईना. फोनचा आवाज मोठा असल्याने जेबाने सर्व ऐकले होते. ती घरी गेली आणि आईला घेऊन परतली. आयशाबींच्या हाती निवडायच्या डाळीचे सूप होते.

"त्याले सांगा, मी बसून राहीन पार्बताबाईपाशी," त्या म्हणाल्या. "डाळ काय, तिथंही निवडल्या जाते."

मी ते फोनवर कळविले. मग उत्तमराव म्हणाले, "आयशाबी बसत असन त लाव तुहा नियम. पण मायले विचार पयले."

मी पार्बताबाईंस विचारावयास गेलो. त्या कॅमेऱ्याकडे पाहत हळूच म्हणाल्या, "लाव बाप्पा. याच्या धाकानं पोटभर तंबाखू खाल्ली नाही मी."

आयशाबींस तेथे बसवून मी परतलो आणि होकार दिला. धडका तत्काळ थांबल्या. तथापि केंद्राची बंदी उठेना. तेव्हा एजंटाने झालेल्या प्रकाराचे व केलेल्या उपायाचे निवेदन लिहून दिले. ते मी शब्दन् शब्द वाचून, आपल्या नावाने केंद्रास पाठविले. दुपारभर जेबा पडद्यासमोर बसून होती. उन्हे कलल्यावर साइट उघडली, आणि तिची बोटे जी धावू लागली, ती दिवेलागणीच्या आधी शेवटचा अहवाल गेल्यावरच थांबली. केंद्राचा निरोप आला की उद्याचे कामही तिलाच धाडीत आहोत.

ही वार्ता सांगण्यास ती आईकडे धावली. मागोमाग मीही गेलो. उत्तमरावही नुकतेच शेतातून परतले होते. कॅमेरा मूळ स्थितीस आणून पासवर्ड बदलावा, मग त्यास केवळ चित्रापुरती वाट उघडून देता येईल, असे एजंटाने सांगितले होते. ते मी त्यांस समजाविले.

"अम्मी, काम भेटलं," जेबा म्हणाली. "चल आता घरी."

"आली समज," आयशाबी म्हणाल्या, परंतु उठल्या नाहीत. डाळ केव्हाच निवडून झाली होती. पार्बताबाई आपल्या माहेरच्या कोण्या लग्नातील भांडण सांगत होत्या, आणि नवरदेव अद्याप रुसलेलाच होता.

उत्तमराव उंबऱ्यावर टेकले. "पासवर्डाचं उद्या पाहू, महादेवा," ते म्हणाले. "आयशाबी, उद्या येसान ना?"